तारुण्य ओसरताना येणाऱ्या 'तारुण्यपीटिका'

मुरमांसाठी मराठीत 'तारुण्यपीटिका' हा काहीसा जड, पण रूढ शब्द आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या हनुवटीवर पुरळ उठू लागते, तेव्हा हा शब्दच तिची पहिली अडचण ठरतो. 'या वयात कसले मुरूम?' असे घरातले हसत म्हणतात, तीही संकोचते आणि सोळाव्या वर्षी जे केले तेच पुन्हा करू पाहते. लिंबू चोळले जाते, मुलतानी मातीचा थर चढतो आणि त्यानेही भागले नाही, तर औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेली मलमाची ट्यूब येते. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील त्वचा मात्र सोळाव्या वर्षीची नसते. त्यामुळे यांतील काही उपाय निष्फळ ठरतात, तर काही चेहऱ्याचे कायमचे नुकसान करून जातात.

हा प्रश्न केवळ शहरी सौंदर्यप्रसाधनांच्या जगातला आहे, असा समज आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवणसारख्या गावात तो अधिक अवघड होतो. उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी आणि गोड्या पाण्यातील मासळीचा बाजार यांमुळे हे गाव शहरवासीयांना परिचित आहे. इंदापूर आणि बारामती तालुक्यांचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. ऊन प्रखर, वारा कोरडा, धूळ भरपूर. शेतात राबणारी, मासळी विकणारी किंवा दुचाकीवरून शाळेत शिकवायला जाणारी पन्नाशीतील स्त्री दिवसाचा मोठा काळ या उन्हावाऱ्यात काढते. औषधाचे दुकान चौकात असते. त्वचारोगतज्ज्ञासाठी मात्र अनेकदा बारामती किंवा पुण्याची वाट धरावी लागते. घरगुती उपायांवर भिस्त राहते ती यामुळेच. म्हणून कोणता उपाय कितपत विश्वासार्ह आहे, हे जाणून घेणे येथे अधिक निकडीचे आहे.

पुरळ का येते?

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे अलीकडे येते. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा सांगितला आहे. मात्र शरीरातील उलथापालथ पाळी थांबण्याच्या कितीतरी आधी, कधी चार-पाच वर्षे आधीच सुरू होते. पुरळाचा त्रासही बहुधा याच संक्रमणकाळात अधिक जाणवतो.

या काळात अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आधी हेलकावे खाते आणि मग घटत जाते. स्त्रीच्या शरीरात अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजली जाणारी संप्रेरकेही अल्प प्रमाणात असतात. ती तितक्या वेगाने घटत नाहीत. शिवाय त्यांना रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिनही इस्ट्रोजेनबरोबर कमी होते. परिणामी अँड्रोजेनचे एकूण प्रमाण वाढलेले नसतानाही त्याचा प्रभाव वाढतो. त्वचेखालील तैलग्रंथी त्याला प्रतिसाद देतात, रंध्रे तेलाने व मृत पेशींनी बुजतात, तेथे जिवाणू वाढतात आणि सूज येते. रक्ततपासणी 'नॉर्मल' आली तरी पुरळ का जात नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी येथे आहे.

किशोरवयात मुरूम कपाळ, नाक आणि गालांवर पसरतात. या वयात ते जबड्याची कड, हनुवटी आणि मानेवर येतात. बहुधा ते संख्येने कमी, पण खोलवर, दुखऱ्या गाठीसारखे असतात आणि लवकर पिकत नाहीत. त्याच वेळी उरलेली त्वचा कोरडी व पातळ होत असते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अभ्यास सांगतात. एकाच चेहऱ्यावर हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे, अशी ही स्थिती असते. तेल शोषून घेणारा कोणताही कडक उपाय येथे गालांची साल काढतो. भारतीय वर्णाच्या त्वचेत तर पुरळ बसल्यावर मागे राहणारा काळा डाग पुरळापेक्षा अधिक काळ, कधी वर्षभरही टिकतो.

हा त्रास विरळा नाही. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात चाळिशीतील २६ टक्के आणि पन्नाशीपुढील १५ टक्के स्त्रियांनी आपल्याला पुरळ येत असल्याचे नोंदवले होते.

स्वयंपाकघरातील औषधे

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवायला हवा. लिंबाच्या रसाची आम्लता त्वचेला सोसवणारी नसते. त्यातच लिंबू लावून उन्हात गेल्यास लिंबातील काही द्रव्यांची सूर्यकिरणांशी प्रक्रिया होऊन त्वचा भाजल्यासारखी होते आणि गडद चट्टे उरतात. भिगवणच्या उन्हात हा धोका सैद्धान्तिक राहत नाही. खाण्याचा सोडा नेमका उलट वागतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि तेच तिचे संरक्षण असते. अल्कधर्मी सोडा ते मोडतो. टूथपेस्ट लावण्याची युक्ती तर कोणत्याच वयात हितावह नाही. मुलतानी माती आणि डाळीचे पीठ दिवाळीच्या उटण्यापुरते ठीक. कोरड्या पडत चाललेल्या त्वचेवर त्यांचा रोजचा वापर नको.

खोबरेल तेलाविषयी बोलताना मराठी घरात जपूनच बोलावे लागते. केसांना ते जरूर लावावे. पण चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवू शकते. रात्री चापून तेल लावून झोपणाऱ्या स्त्रियांच्या कपाळावर आणि उशीला टेकणाऱ्या गालावर पुरळ अधिक दिसत असेल, तर प्रथम ही सवय बदलून पाहावी.

हळदीत दाह कमी करणारे द्रव्य आहे, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. चेहऱ्यावर लावलेल्या हळदीने मुरूम बरे होतात, याचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. हळदीची अॅलर्जीही अनेकांना असते आणि सुट्या पुडीतील हळदीत भेसळीचा रंग असू शकतो. कडुनिंबाचेही तसेच: जिवाणूंवर त्याचा परिणाम परीक्षानळीत दिसतो, माणसांवरील भक्कम चाचण्या थोड्याच आहेत. पाने उकळून गार केलेल्या पाण्याने तोंड धुण्यास फारशी हरकत नाही. वाटलेल्या पाल्याचा जाड लेप मात्र नाजूक त्वचेला झोंबतो.

बांधावर वाढणाऱ्या कोरफडीची बाजू थोडी बळकट आहे. इराणमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ट्रेटिनॉइन हे औषध एकट्याने लावणाऱ्यांपेक्षा त्यासोबत कोरफडीचे जेल लावणाऱ्यांना अधिक गुण आला आणि त्वचेची लालीही कमी राहिली. लक्षात घ्यायचे ते हे, की कोरफड तेथे औषधाच्या जोडीला होती, त्याच्या जागी नव्हती. ताजे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक खाजरा असतो. तो निथळू द्यावा, मग आतला गर घ्यावा.

टी ट्री ऑइल हे ऑस्ट्रेलियातील एका झाडाचे तेल आता आपल्याकडील दुकानांतही मिळते. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या तेलाचे ५ टक्के प्रमाणाचे जेल आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे नेहमीचे औषध यांची तुलना झाली. दोन्हींनी पुरळ कमी झाले. तेलाचा परिणाम सावकाश झाला, पण त्वचेची आग व कोरडेपणा कमी होता. कोरड्या त्वचेच्या स्त्रीसाठी ही तडजोड विचारात घेण्याजोगी आहे. बाटलीतील शुद्ध तेल थेट चेहऱ्यावर लावणे मात्र टाळावे. ते पोटात घेतल्यास विषारी ठरते, म्हणून लहान मुलांपासून दूर ठेवावे.

पुदिन्याच्या चहाविषयीही हल्ली पुष्कळ सांगितले जाते. तुर्कस्तानातील २००७ च्या आणि ब्रिटनमधील २०१० च्या छोट्या अभ्यासांत स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा काढा घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील मुक्त टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळले. ते अभ्यास चेहऱ्यावरील अनावश्यक केसांसंबंधी होते, मुरमांसंबंधी नव्हे. साखरेच्या एका चहाऐवजी पुदिन्याचा चहा घेतला, तर निदान साखर तरी वाचेल.

निसर्गातच मूळ असलेली, पण मोजून-मापून तयार केलेली काही द्रव्ये घरगुती लेपांपेक्षा अधिक भरवशाची आहेत. अॅझेलेइक आम्ल हे गहू, सातू यांसारख्या धान्यांत आढळते. त्याचे मलम पुरळ आणि मागे उरणारे डाग या दोहोंवर उपयोगी पडते आणि या वयाच्या त्वचेला बहुधा मानवते. सॅलिसिलिक आम्लाचा इतिहास विलो वृक्षाच्या सालीपर्यंत जातो. 'ब' जीवनसत्त्वाच्या कुटुंबातील नायसिनामाइडच्या जेलमुळेही सूज उतरते. 'नैसर्गिक' या शब्दासाठीच आग्रह असेल, तर ही द्रव्ये त्यात बसवायला हरकत नसावी.

आयुर्वेद काय सांगतो?

सुश्रुताने क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' वर्णिली आहे. काटेसावरीच्या काट्यांसारख्या, कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीने तरुणांच्या मुखावर येणाऱ्या पुटकुळ्या, असे ते वर्णन आहे. शार्ङ्गधरसंहितेत तारुण्यपीटिकांवर लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप सांगितला असून तो आजही वैद्य देतात. ग्रंथातील वर्णन तरुण मुखाचेच आहे, हे येथे महत्त्वाचे. रजोनिवृत्तीच्या काळात वाताचे प्राबल्य वाढून रूक्षता येते, असे आयुर्वेदच मानतो. त्यामुळे तरुणांसाठी सांगितलेले रूक्ष लेप या वयात जसेच्या तसे वापरू नयेत. प्रकृती पाहून औषधात बदल करणारा वैद्य आणि तयार डबा विकणारा दुकानदार यांत फरक आहे, तो येथेच.

पोटात घ्यायच्या औषधांबाबत आणखी सावध राहावे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. नाव-पत्ता नसलेली 'रक्तशुद्धी'ची पुडी बाजारातून घेऊ नये, हे त्यातून उघड आहे. शतावरीसारख्या, संप्रेरकांवर परिणाम असल्याचे सांगितल्या जाणाऱ्या वनस्पती स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

भाकरी, साखर आणि मासळी

आहाराचा आणि मुरमांचा संबंध नाही, असे त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत. ते मत आता बदलले आहे. ऑस्ट्रेलियातील २००७ च्या एका चाचणीत ४३ तरुणांना बारा आठवडे दोन प्रकारचा आहार देण्यात आला. रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे पुरळ सरासरी २३ ने, तर नेहमीचा आहार घेणाऱ्यांचे १२ ने कमी झाले. हे सारे १५ ते २५ वयाचे पुरुष होते, तेव्हा पन्नाशीच्या स्त्रीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि साखर वाढली की इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन अँड्रोजेनला बळ देते, ही साखळी वयानुसार तुटत नाही. शिवाय याच वयात मधुमेह दारात उभा असतो.

नीरा डाव्या कालव्याने आणि पुढे उजनीने या भागात ऊस आणला, त्याआधी येथले मुख्य पीक रब्बीची ज्वारी होते. मैद्याची खारी-बिस्किटे, पांढरा भात आणि दिवसातून चार-पाच वेळा होणारा गोड चहा कमी करून भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या यांकडे वळणे, हा या आहाराचा मराठी अवतार म्हणता येईल. त्यासाठी परदेशी बिया आणण्याची गरज नाही.

दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, मुरमांशी संबंध काही पाहण्यांत आढळला आहे. तो कार्यकारणाचा आहे असे सिद्ध झालेले नाही. हाडे ठिसूळ होण्याच्या वयात केवळ पुरळासाठी दूध सोडणे महागात पडेल. सोडून पाहायचेच असेल, तर नाचणी, तीळ आणि पालेभाज्यांतून कॅल्शियमची भरपाई करावी.

मासे 'उष्ण' पडतात आणि त्यामुळे तोंड उठते, असे भिगवण परिसरातही मानले जाते. उजनीतील रोहू, कटला, मरळ किंवा चिलापी खाल्ल्याने मुरूम येतात, याला आधार नाही. उलट स्नायू घटण्याच्या या वयात ही सहज मिळणारी उत्तम प्रथिने आहेत. दाह कमी करणारी ओमेगा-३ मेदाम्ले समुद्रातील तेलकट माशांत अधिक असतात, गोड्या पाण्यातील माशांत कमी, एवढे मात्र खरे. महामार्गावरील ढाब्यांवर मिळणारी तेलात तळलेली तिखटजाळ मासळी रोजची नसावी. चेहरा लाल होऊन तापण्याची सवय असलेल्यांना तर तिखट आणि कढत पदार्थांनी हमखास त्रास होतो. अशा स्त्रीला मुरूम नसून 'रोझेशिया' हा वेगळा विकार असू शकतो. रजोनिवृत्तीतील गरम वाफांशी त्याची सहज गल्लत होते आणि त्याचे उपचारही निराळे आहेत.

दिनक्रम

दिवसातून दोनदा, साबणाच्या वडीऐवजी सौम्य फेसवॉशने चेहरा धुणे पुरेसे असते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा अंश त्वचेवर चिकटून राहतो आणि ती अधिक ओढल्यासारखी होते. शेवटचा हात उकळून गार केलेल्या पाण्याचा घेतला तर फरक पडू शकतो. पुरळ असताना क्रीम लावू नये, ही समजूत चुकीची आहे. तेलविरहित, ग्लिसरीनयुक्त मॉइश्चरायझर या वयात लागतेच. त्याखालोखाल महत्त्वाचे सनस्क्रीन. डाग गडद होऊ नयेत यासाठी अन्य कोणत्याही लेपापेक्षा त्याचाच उपयोग अधिक. ते परवडत नसेल, तर रुंद काठाची टोपी किंवा सुती पदर हे जुने साधन आहेच. दुचाकीवर तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ उन्हापासून वाचवतो, परंतु घाम आणि घर्षणाने जबड्याकडेचे पुरळ वाढवतो. तो सुती, सैल आणि रोज धुतलेला असावा. कोणताही उपाय सुरू केल्यावर निदान आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. दर चार दिवसांनी लेप बदलल्यास गुण कशाचा आणि अपाय कशाचा, हे कळेनासे होते.

ट्यूबचा धोका

घरगुती उपायांनी कंटाळलेली स्त्री औषधाच्या दुकानात जाते, तेव्हा खरा धोका सुरू होतो. गोरेपणा, डाग, खाज, पुरळ अशा सगळ्यांवर एकच म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक मलमांत बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइडे असतात. आठवडाभरात चेहरा नितळ दिसू लागतो, म्हणून मलम चालू राहते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मलम बंद करताच पुरळ दुप्पट जोमाने उसळते. देशातील बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासण्यात आले. त्यांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचे मलम लावत होते आणि त्यांच्यात सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता तो मुरूम येणे किंवा वाढणे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. ट्यूबवरील बारीक अक्षरांतील नावे वाचण्याची सवय तरीही सोडू नये. रजोनिवृत्तीत आधीच पातळ होत असलेल्या त्वचेला हा मार दुहेरी बसतो. असे मलम बरेच दिवस लावले असेल, तर ते एकाएकी न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे.

डॉक्टरांकडे केव्हा?

पुरळाबरोबर आवाज घोगरा होणे, हनुवटीवर झपाट्याने राठ केस येणे, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे विरळ होणे, अशी लक्षणे थोड्या महिन्यांत दिसू लागली, तर लेपांत वेळ दवडू नये. अंडाशयाच्या किंवा अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून अँड्रोजेन स्रवत असण्याची शक्यता विरळ असली, तरी ती तपासावी लागते. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास तर त्वरित.

गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचा प्रश्न या पट्ट्यात विशेष आहे. बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांकडे दर हंगामात बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगार येतात. २०१९ मध्ये बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. अंडाशयेही काढली असतील, तर इस्ट्रोजेन एकदम तुटते आणि त्वचा वेगाने कोरडी पडते. मात्र त्यासोबत अंडाशयातील अँड्रोजेनही जाते. म्हणून अशा स्त्रीला जोराचे पुरळ आले, तर ते 'पाळी गेल्यामुळे' असे गृहीत न धरता चालू असलेली औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या आणि मलमे तपासायला हवीत.

गाठी खोल असतील आणि व्रण राहत असतील, तर नैसर्गिक उपायांचा हट्ट धरू नये. अँड्रोजेनचा प्रभाव रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनची ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात या औषधाचा लाभ दिसला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते स्वतःहून घेणे धोक्याचे आहे. आयसोट्रेटिनॉइन गर्भाला गंभीर व्यंग आणते आणि पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भधारणा अशक्य झाली, असे होत नाही. बारा महिने पूर्ण होईपर्यंत ती शक्यता गृहीत धरावीच लागते.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कोणत्याही तज्ज्ञाकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व मलमांच्या रिकाम्या ट्यूब, काढ्यांचे डबे आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, शेवटची पाळी कधी आली ती तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी चेहऱ्यावर काहीही लावू नये.